खाँसाहेब गायचे आणि सांगलीचे देवल सुरांचं गणित मांडायचे

उजनी धरणातून सोडलेलं पाणी भीमेतून पंढरपूरकडं जातं. त्या पंढरपूर भागात पिकणारे मोठाले भोपळे मिरजेला जातात आणि तिथं त्यांचे तंबोरे होतात. याच मिरजेत एक गवई राहायचा, ज्याचे सूर ऐकून सुरांचा हिशेब मांडला गेला. नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा. घरात पिढीजात गाणं. बडोद्याच्या दरबारात गायले, पुढं मिरजेत स्थायिक झाले.

शेजारी सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्यात, त्या नेमक्या कुठं, हे त्यांना शोधायचं होतं. गणित देवलांचं, कान आणि गळा खाँसाहेबांचा. १९१० मध्ये देवलांनी यावर पुस्तक काढलं.

आता हे गणित काय? तार अर्धी केली की वरचा सा. दोन तृतीयांश ठेवली की पंचम. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर पंचम ३६० आणि शुद्ध गंधार ३००. पण नेहमीच्या पेटीचा गंधार ३०२ च्या वर जातो. फरक दोन-अडीच कंपनांचा. किरकोळ वाटतो ना? पण नीट लागलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो आणि तो देवलांच्या हिशेबातला असतो. पेटीचा गंधार त्याच्याशी घासतो.

म्हणून देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी श्रुतींची खास पेटी पुढं आणली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला. बारा स्वर धरून रागांची मांडणी करणाऱ्या भातखंडेंना हे गणित पटलं नाही. पेटी मागं पडली.

खाँसाहेब गात राहिले. २७ ऑक्टोबर १९३७ ला दक्षिणेतल्या प्रवासात, सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. दफन मिरजेच्या दर्ग्यात झालं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी.

आता भीमसेनजींचं रेकॉर्डिंग लावाल, तेव्हा आधी मागचा तंबोरा ऐका. तो गंधार सापडला, तर देवल काय मोजत होते ते कळेल.