समजून घ्या : माळरानावर नागसेनवन कसं उभं राहिलं?

जालन्याजवळ सिरसवाडीत रसायन तंत्रज्ञान संस्थेचं (आयसीटी) केंद्र २०१८ मध्ये सुरू झालं. मोकळ्या जमिनीवर असं संकुल वसवताना आधी काय ठरवायचं : इमारती, झाडं, पाणी की वसतिगृह? आज याला ‘लँडस्केप मास्टर प्लॅन’ म्हणतात. मराठवाड्यात १९५० च्या सुमारास हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर होता.

कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा जातीमुळे त्यांना खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही हुसकावलं गेलं. १९३४ मध्ये दौलताबाद किल्ल्यावर टाक्याच्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून त्यांना आणि सहकाऱ्यांना अडवण्यात आलं. निवारा आणि पाणी, दोन्हींचा अनुभव असा.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, पण मुंबईत जागेची चणचण. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरती होती. जालना, अंबड, भोकरदन हे भाग त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होते.

बाबासाहेबांनी औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) मोकळी जमीन निवडली. जून १९५० मध्ये कॉलेज सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. त्याच महिन्यात हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. प्रकृती साथ देत नसतानाही ते इथे येऊन बांधकाम आणि झाडांची लागवड जातीनं पाहत.

आवारातच वसतिगृह, हा आराखड्यातला कळीचा निर्णय म्हणावा लागेल. खेड्यातल्या दलित मुलाला शहरात भाड्याची खोली कोण देणार होतं? कॉलेजला मिलिंद राजाचं नाव मिळालं, परिसराला त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या भिक्खू नागसेनाचं. नावात ‘वन’ होतं, जमीन मात्र उजाड. सावली पुढे झाडं वाढली तशी आली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं निधन झालं. १९५८ मध्ये नागसेनवनाजवळ, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी मराठवाडा विद्यापीठ आलं. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. जालन्यातली महाविद्यालयं आज याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.