फळझाडांचा पारखी : ल्यूथर बरबँक

परसात लावण्यासाठी आपण फळझाडाचे कलम विकत आणतो, तेव्हा वस्तुतः कोणाची तरी पारख विकत आणीत असतो. गोड आंब्याची कोय पेरली म्हणजे तसाच गोड आंबा येईल, असा भरवसा देता येत नाही. मानकुरादचा गुण हवा असेल, तर मानकुरादच्याच फांदीचे कलम हवे. परंतु ते पहिले गुणी झाड हजारांतून कोणीतरी निवडलेले असते. या निवडीलाच ज्याने आपले आयुष्य वाहिले, त्या ल्यूथर बरबँकचे हे अल्पचरित्र.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लँकॅस्टर येथे ७ मार्च १८४९ रोजी त्याचा जन्म झाला. विद्यापीठाचे शिक्षण त्याला लाभले नाही. पित्याच्या निधनानंतर वाट्यास आलेल्या पैशातून त्याने १७ एकर जमीन घेतली. तेथे बटाट्याच्या वेलावर त्याला एक फळ दिसले. त्यातील २३ बिया त्याने पेरल्या आणि प्रत्येक रोपाचे पीक वेगवेगळे तपासले. त्यांतून निवडलेल्या एका बटाट्याचे हक्क अवघ्या १५० डॉलरांना विकून १८७५ साली तो कॅलिफोर्नियात सांता रोझा येथे गेला. आरंभी मिळेल ती मजुरी त्याने केली, पुढे स्वतःची रोपवाटिका थाटली.

१८८१ साली एका बागाईतदाराने त्याच्याकडे प्लमची म्हणजे आलुबुखारची २०,००० झाडे मागितली. तीही त्याच वर्षाअखेर! हे अशक्य, असे इतर म्हणाले असते. बरबँकने प्रथम बदाम पेरले, कारण बदामाची रोपे झपाट्याने वाढतात. त्या खुंटांवर त्याने प्लमचे डोळे भरले आणि मुदतीत सुमारे १९,५०० झाडे तयार करून दिली.

यानंतर जपानहून आणविलेल्या प्लमचा इतर जातींशी संकर करून त्याने असंख्य रोपे वाढविली. प्रत्येक झाडाचे पान, फळ, साल, रस आणि टिकाऊपणा तो न्याहाळी. मनास उतरेल तेवढेच राखी, उरलेली हजारो रोपे जाळून टाकी. ही निर्दयता नव्हती, ग्राहकाविषयीची जबाबदारी होती. १९०६ साली बाहेर पडलेला ‘सांता रोझा’ प्लम आजही अनेक बागांत लावला जातो. प्लमच्याच शंभरावर जाती त्याने दिल्या.

तथापि त्याचे चरित्र निर्दोष नाही. तो नोंदी नीट ठेवीत नसे, म्हणून शास्त्रज्ञ नाराज असत. त्याच्या नावाभोवती जाहिरातींचा गाजावाजा झाला. बिनकाट्याच्या निवडुंगाने वाळवंटात वैरण पिकेल, या आशेने लोकांनी भारी किंमत मोजली. पण त्या झाडाला पाणी लागे, आणि काटे नसल्यामुळे गुरांपासून राखण्यास कुंपणही लागे. कित्येकांची निराशा झाली. नाव मोठे असले, तरी झाड आपल्या मातीत परखावे लागते, हा धडा त्या खरेदीदारांना महाग पडला.

११ एप्रिल १९२६ रोजी बरबँक निवर्तला. सांता रोझातील आपल्याच घराच्या आवारात, देवदाराच्या जातीच्या एका वृक्षाखाली त्याचे दफन झाले. त्याचे स्नेही परमहंस योगानंद यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेले आपले आत्मचरित्र त्याच्याच स्मृतीस अर्पण केले. वनस्पतींच्या नव्या जातींवर निर्मात्याचा हक्क मानणारा अमेरिकेतील कायदा मात्र त्याच्या निधनानंतर, १९३० साली झाला. उभ्या आयुष्यात तो लाभ त्याला मिळाला नाही.

मुलांनो, पुढच्या पावसाळ्यात वडिलांबरोबर कलम आणावयास जाल, तेव्हा चित्राला भुलू नका. मातृवृक्ष कोठे आहे, आपल्यासारख्याच जमिनीत तो फळतो का, हे आधी विचारा. जमल्यास त्याचे फळ चाखा, सांधा नीट जुळलेला आहे का ते पाहा. बरबँक हजारो झाडांपुढे जो प्रश्न विचारीत असे, तोच आपण एका झाडापुढे विचारावयाचा आहे.