लोकमान्य टिळक : दुष्काळ आणि शेतसाऱ्याची थकबाकी

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. दापोली तालुक्यातील चिखलगावच्या खोतीत त्यांच्या घराण्याचा वाटा होता. खोत म्हणजे कुळांकडून वसूल करून सरकारात सारा भरणारा मध्यस्थ. तेव्हा साऱ्याचा व्यवहार टिळकांना घरूनच परिचित होता. १८७९ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले. न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’, फर्ग्युसन महाविद्यालय हा भाग सर्वश्रुतच आहे. पुण्यात त्यांनी वकिलीच्या परीक्षांचा खासगी वर्गही चालविला, ही गोष्ट मात्र पुढील प्रसंगासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

१८९५ मध्ये पुणे सार्वजनिक सभेची सूत्रे टिळकपक्षाकडे आली आणि पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. रयतवारी पद्धतीत सारा रोख भरावा लागे व तो दीर्घ मुदतीसाठी ठरलेला असे. पीक बुडाले तरी हप्ता चुकत नसे. बाकी थकली की दंड, मग जंगम मालमत्तेची जप्ती आणि अखेरीस जमीन सरकारजमा, अशा पायऱ्या होत्या. त्या टाळण्यासाठी शेतकरी सावकाराचे दार गाठी किंवा बैल विकी. आणि बैल गेला म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणीही गेली.

पीक अगदीच खालावल्यास सारा तहकूब करण्याची वा सूट देण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत होती. खेड्यातील रयतेला तिचा पत्ता नव्हता, आणि वसुली अधिकारीही ती आपण होऊन सांगत नसत. टिळकांनी नेमके हेच हेरले. दुष्काळी कायद्यातील तरतुदी मराठीत छापून सभेचे कार्यकर्ते ठाणे, कुलाबा आदी जिल्ह्यांत हिंडले. सभा भरवून त्यांनी लोकांना अर्ज करण्यास सांगितले. ‘केसरी’ची भूमिका सरसकट साराबंदीची नव्हती. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने सारा भरावा. ज्याचे पीकच गेले त्याने केवळ भीतीपोटी जमीन वा गुरे विकू नयेत, असा तिचा आशय होता. धान्यासाठी लूटमार करण्यासही टिळकांचा विरोध होता. सोलापूरला जाऊन त्यांनी बेकार विणकरांसाठी मदतीची योजनाही आखली.

सरकारला मात्र यात चिथावणी दिसली. काही कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. लोकांची गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडण्याचा अनेक वर्षांचा मार्ग त्यामुळे बंद झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना अटक होऊन पुढे अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आरोप ‘केसरी’तील लेखनाबद्दल होता, साऱ्याबद्दल नव्हे.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. खोतांच्या हक्कांना मर्यादा घालू पाहणाऱ्या सरकारी विधेयकाला टिळकांनी विरोध केला. दुष्काळात रयतेच्या बाजूने कायदा वाचणारा हा संपादक कुळांच्या प्रश्नात खोतांची बाजू घेताना दिसतो, आणि अभ्यासकांमध्ये त्यावर आजही एकमत नाही.