सिलिकॉनवाला बर्झेलियस आणि पाणी पोटात असलेला दगड



आपल्यापैकी बहुतेकांची रोजीरोटी ज्या सिलिकॉनवर चालते, ते पहिल्यांदा वेगळे काढले 1824 साली, स्वीडनच्या याकोब बर्झेलियसने. सांता क्लारात राहून त्याचे नाव ठाऊक नसणे म्हणजे पुण्यात राहून शनिवारवाडा न पाहण्यासारखेच! मूलद्रव्यांना अक्षरांची चिन्हे देण्याची पद्धतही त्याचीच, एवढे शाळेत शिकलो होतो. पण याच माणसाने एका अशनीत, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडात, पाणी शोधले होते हे फारसे कुणी सांगत नाही.

जन्म 20 ऑगस्ट 1779 चा. चार वर्षांचा असताना वडील गेले, आठ-नऊ वर्षांचा असताना आईही गेली. आधी सावत्र वडील, मग मामा, असे दुसऱ्यांच्या घरी दिवस काढत तो उप्सालाला वैद्यकी शिकला. पैशांची चणचण होतीच. 1800 च्या सुमारास मेदेवीच्या झऱ्यांवर त्याला काम मिळाले. लोक तिथे औषध म्हणून पाणी प्यायला येत. त्या पाण्यात कोणकोणते क्षार आहेत ते शोधता शोधता तो रसायनशास्त्राकडे वळला, तो कायमचाच.

पुढे स्टॉकहोममध्ये त्याची प्रयोगशाळा म्हणजे दोन साध्या खोल्या, शेजारी स्वयंपाकघर, आणि भांडी धुवायला स्वयंपाकीण अ‍ॅना. गॅरेजमधल्या कंपन्यांचे कौतुक करणाऱ्या आपल्या या भागाला हे आवडावे! अशा तुटपुंज्या साधनांवर त्याने सुमारे 2000 संयुगे तपासून अणुभारांचा तक्ता केला.

आता तो दगड. 15 मार्च 1806 रोजी दक्षिण फ्रान्समधल्या अलेस गावाजवळ काळे, ठिसूळ दगड पडले, एकूण सुमारे 6 किलो. त्यातला एक तुकडा 1834 मध्ये बर्झेलियसने तपासायला घेतला. पाण्यात टाकताच त्याचा भुगा झाला आणि ओल्या मातीसारखा वास आला. तापवल्यावर पाणी निघाले! अशनी म्हणजे भाजून निघालेला, कोरडा ठणठणीत दगड अशी त्याची अपेक्षा. ही साधी जमिनीवरची माती असावी, असे वाटून त्याने तो तुकडा जवळजवळ टाकूनच दिला होता. पण तपासणी पुढे नेली, आणि उरलेली घडण अशनीचीच निघाली. दगडात कार्बनी पदार्थही होते. मग तिकडे जीवसृष्टी असेल का? हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि एवढ्या पुराव्यावर तसे म्हणता येत नाही, असे ठरवले. जगभर नाव झालेल्या माणसाने असा हात आखडता घ्यावा, हे मला सिलिकॉनपेक्षाही मोठे वाटते. अशनी चंद्रावरून येतात असे मात्र तो मानत असे, ते चुकले.

1835 मध्ये, 56 व्या वर्षी त्याने लग्न केले. 7 ऑगस्ट 1848 रोजी तो गेला.

त्या पाण्याचा उलगडा फार नंतर झाला. सुमारे 450 कोटी वर्षांपूर्वी काही लघुग्रहांच्या पोटात बर्फ होता. किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियमच्या उष्णतेने तो वितळला, पाणी खडकांत झिरपले आणि मूळच्या खनिजांची चिकणमाती बनली. त्या मातीच्या स्फटिकांतच पाणी अडकून राहते. बर्झेलियसला सापडलेल्या विद्राव्य क्षारांची गोष्ट जरा वेगळी. अशा अशनींमधल्या सल्फेटच्या शिरा पृथ्वीवरच्या दमट हवेनेही बनतात, असे 2001 मध्ये दाखवून दिले गेले. म्हणजे संग्रहालयात पडून राहिलेल्या दगडाच्या क्षारांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

म्हणून बेन्नू या लघुग्रहावरून 24 सप्टेंबर 2023 रोजी नासाने आणलेली 121.6 ग्रॅम माती महत्त्वाची. तिला आपली हवा लागू दिली नाही. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाले की तिच्यात साधे मीठ आहे आणि ट्रोना हा सोड्याचा क्षारही आहे. खारे पाणी हळूहळू आटले की असे क्षार मागे राहतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, अशनीच्याच आघाताने झालेल्या लोणार सरोवराच्या काठी लोक पूर्वी जो खार गोळा करत, त्यातही ट्रोना असतो.