विश्लेषण : मुलांचा भत्ता कुणाच्या नावावर? ब्रिटनमधल्या आयांच्या पेन्शनमागे उभ्या असलेल्या एलिनॉर रॅथबोन

ब्रिटनमध्ये मुलांसाठी सरकारकडून ‘चाइल्ड बेनिफिट’ हा भत्ता मिळतो. मूल १२ वर्षांचे होईपर्यंत या भत्त्यासोबत आणखी एक गोष्ट मिळते. ज्या पालकाच्या नावावर भत्त्याचा अर्ज असतो, त्याच्या खात्यात सरकारी पेन्शनसाठीची ‘नॅशनल इन्शुरन्स क्रेडिट’ जमा होतात. अर्ज नोकरी करणाऱ्या पालकाच्या नावावर असेल, तर घरी राहून मूल सांभाळणाऱ्याची वर्षे कोरीच राहतात. ही क्रेडिट एका पालकाकडून दुसऱ्याकडे वळवता येतात, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

पैसा कुणाच्या नावावर जमा व्हावा, हा वाद तिथे नवा नाही. १९४५ मध्ये याच मुद्द्यावर एका खासदार बाईंनी सरकारला माघार घ्यायला लावली होती. त्यांचे नाव एलिनॉर रॅथबोन.

कोण होत्या एलिनॉर रॅथबोन?

त्यांचा जन्म १२ मे १८७२ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे लिव्हरपूलच्या श्रीमंत व्यापाऱ्यांचे, वडील विल्यम रॅथबोन खासदार. एलिनॉर ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात शिकल्या. त्या काळी तिथे मुलींना परीक्षा देता येत असे, पदवी मात्र मिळत नसे.

लिव्हरपूलला परतल्यावर त्यांनी गरीब वस्त्यांमधल्या विधवांच्या हालअपेष्टांचा अभ्यास केला आणि १९१३ मध्ये त्यावर अहवाल काढला. त्याआधीच, १९०९ मध्ये, त्या अपक्ष म्हणून लिव्हरपूलच्या नगर परिषदेवर निवडून आल्या होत्या. त्यांनी लग्न केले नाही आणि त्यांना मूलही नव्हते.

भत्त्याची कल्पना कुठून आली?

पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बायकांना सरकारकडून थेट भत्ता मिळू लागला. लिव्हरपूलमध्ये या कुटुंबांना मदत पोहोचवण्याचे काम रॅथबोन पाहत होत्या. घरातल्या बाईच्या हातात दर आठवड्याला ठरलेली रक्कम आली की संसाराचे गणित कसे बदलते, हे त्यांनी जवळून पाहिले.

मजुराचा पगार त्याला किती मुले आहेत हे पाहून ठरत नाही. त्यामुळे एकट्या माणसाला पुरणारा पगार सहा जणांच्या घराला पुरत नाही. शिवाय पगार नवऱ्याच्या हातात पडतो आणि मुले वाढवण्याच्या कामाचा मोबदला आईला मिळतच नाही. हा युक्तिवाद त्यांनी १९२४ मध्ये ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ या पुस्तकात मांडला. भत्ता सुरू झाला की मालक पगार कमी करतील, अशी भीती कामगार संघटनांमधल्या अनेकांना होती. त्यामुळे विरोध मोठा होता.

१९२९ मध्ये त्या अपक्ष खासदार झाल्या आणि अखेरपर्यंत संसदेत राहिल्या. त्यांचे पुस्तक वाचून अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांचे मत बदलले. १९४२ च्या त्यांच्या गाजलेल्या अहवालात मुलांच्या भत्त्याला स्थान मिळाले.

१९४५ मध्ये नेमके काय झाले?

सरकारने विधेयक आणले. पण त्यात भत्ता वडिलांचा मानला होता. ज्या कल्पनेसाठी रॅथबोन सुमारे पाव शतक झगडल्या, तिचा गाभाच त्यातून गायब झाला होता. हे बदलले नाही तर आपण स्वतःच विधेयकाच्या विरोधात मत देऊ, असे त्यांनी सभागृहात सांगितले. अखेर सरकारने या मुद्द्यावर पक्षादेश न काढता खासदारांना मोकळेपणाने मत देऊ दिले आणि भत्ता आईचा ठरला.

ऑगस्ट १९४६ मध्ये दुसऱ्या मुलापासून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. ते पाहायला रॅथबोन नव्हत्या. २ जानेवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले होते.

भारताशी त्यांचा काय संबंध?

बालविवाहाविरुद्ध आणि भारतीय स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी ब्रिटनमध्ये मोहीम चालवली. १९३२ मध्ये त्या भारतात येऊनही गेल्या. पण हेतू चांगला असला तरी परक्या राज्यकर्त्या देशातल्या बाईने आमच्या वतीने बोलावे का, असा सवाल भारतीय महिला नेत्यांनी केला. धन्वंती रामा राव यांनी १९२९ मध्ये लंडनच्या परिषदेतच त्यांना हे सुनावले होते.

भत्त्यातून पेन्शन कशी आली?

१९७७ पासून जुन्या भत्त्याची जागा चाइल्ड बेनिफिटने घेतली आणि तो पहिल्या मुलापासून मिळू लागला. १९७८ पासून मूल सांभाळण्याच्या वर्षांचा पेन्शनमध्ये विचार होऊ लागला. २०१० पासून त्याची जागा आजच्या क्रेडिटने घेतली.

नव्या सरकारी पेन्शनसाठी साधारण किमान १० वर्षांची नोंद लागते, तर पूर्ण पेन्शनसाठी ३५ वर्षांची. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. म्हणजे एक वर्ष हुकले की आठवड्याला सुमारे ६.५८ पौंड कमी, आणि तेही आयुष्यभर.

आज काय तपासावे?

* चाइल्ड बेनिफिट नोकरी करणाऱ्या जोडीदाराच्या नावावर असेल आणि त्याचे वर्ष पगारातल्या कपातीतून भरत असेल, तर त्याला क्रेडिटची गरज नसते. ते घरी राहणाऱ्या जोडीदाराकडे वळवण्यासाठी ‘सीएफ ४११ए’ हा फॉर्म भरावा लागतो.

* एका पालकाचे उत्पन्न ६० हजार पौंडांच्या वर असेल, तर भत्त्याचा काही भाग कराच्या रूपाने परत जातो. म्हणून अनेक जण अर्जच करत नाहीत. पैसे नकोत असे सांगूनही अर्ज करता येतो आणि क्रेडिट सुरू राहते. अर्ज घरी राहणाऱ्याच्या नावाने केला, तर पुढे क्रेडिट वळवण्याची वेळच येत नाही.

* वर्क व्हिसावर गेलेल्या मराठी कुटुंबांना सहसा हा भत्ता घेता येत नाही. कायम वास्तव्याचा परवाना किंवा नागरिकत्व मिळाल्यावर हा मुद्दा लागू होतो.

* निवृत्तीनंतर भारतात परतल्यास ही पेन्शन इथे मिळते, पण तिच्यात दरवर्षीची वाढ होत नाही. त्यामुळे सुरुवातीची रक्कम किती वर्षांवर ठरते, हे आणखी महत्त्वाचे.

रॅथबोन यांच्या वेळी प्रश्न आठवड्याच्या ५ शिलिंगांचा होता. आता तो म्हातारपणीच्या पेन्शनचा आहे. घरी राहणारा पालक आज वडीलही असू शकतो. अर्जावर नाव कुणाचे, हे मात्र आजही तितकेच महत्त्वाचे आहे.