बारडोलीत थांबलेले पाऊल

सुरत जिल्ह्यातील बारडोली हे नाव बहुतेकांना वल्लभभाई पटेल यांच्या १९२८ च्या विजयी लढ्यामुळे ठाऊक आहे. त्याच गावी सहा वर्षे आधी, १२ फेब्रुवारी १९२२ रोजी, महात्मा गांधींच्या आग्रहावरून काँग्रेस कार्यकारिणीने एक लढा सुरू होण्यापूर्वीच मागे घेतला. गांधीजींच्या राजकीय जीवनातील हा बहुधा सर्वाधिक टीका ओढवून घेणारा निर्णय. हिंसक कृत्याला उत्तर कसे द्यावे, या प्रश्नावरील त्यांची भूमिकाही याच निर्णयात सर्वांत स्पष्ट दिसते.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेले मोहनदास करमचंद गांधी लंडनला बॅरिस्टर झाले आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांच्या हक्कांसाठी झगडले. १९०९ च्या जुलैत ते शिष्टमंडळासह लंडनला पोहोचले, तेव्हा मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांचा वध करून काही दिवसच झाले होते. तेथील क्रांतिकारक तरुणांशी त्यांचे वाद झाले. परतीच्या प्रवासात बोटीवर त्यांनी गुजराती भाषेत ‘हिंद स्वराज’ लिहून काढले. त्या तरुणांच्या देशप्रेमाविषयी त्यांना शंका नव्हती. मात्र हत्येच्या मार्गाने आलेली सत्ता हत्येच्याच आधारावर टिकेल आणि सामान्य रयतेच्या वाट्याला केवळ नवे मालक येतील, असे त्यांचे मत बनले होते.

दहा वर्षांनी या प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. क्रांतिकारकांच्या कटांचे कारण पुढे करून सरकारने रौलट कायदा आणला. खटल्याविना डांबून ठेवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. बॉम्बचा मार्ग अमान्य असलेल्या गांधीजींनीच या कायद्याविरुद्ध देशव्यापी सत्याग्रह पुकारला. १० एप्रिल १९१९ रोजी अमृतसरमध्ये जमावाने पाच युरोपीयांना ठार मारले. तीन दिवसांनी जनरल डायरने जालियनवाला बागेत जमलेल्या निःशस्त्र लोकांवर १६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसे मेली. काही जणांच्या गुन्ह्याचे प्रायश्चित्त साऱ्या शहराला भोगावे लागले. त्या वर्षअखेरच्या अमृतसर काँग्रेसमध्ये गांधीजींनी सरकारच्या अत्याचारांबरोबरच जमावाच्या हिंसेचाही निषेध करणारा ठराव आग्रहाने मांडला. संतापलेल्या प्रतिनिधींना तो रुचला नाही. तरीही अखेर तो संमत झाला.

१९२२ च्या प्रारंभी सुमारे ८७ हजार लोकवस्तीचा बारडोली तालुका सामुदायिक कायदेभंगासाठी सज्ज झाला. १ फेब्रुवारीला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना सात दिवसांची मुदत देणारे पत्र गेले. ती मुदत संपण्यापूर्वीच, ४ फेब्रुवारीला, संयुक्त प्रांतातील चौरीचौरा येथे पोलिसांच्या गोळीबारानंतर खवळलेल्या जमावाने पोलीस ठाण्याला आग लावली. वीसहून अधिक पोलीस प्राणास मुकले. ही वार्ता कळताच गांधीजींनी कार्यकारिणीला बारडोलीत पाचारण केले, आंदोलन स्थगित करवले आणि स्वतः पाच दिवसांचा उपवास केला.

तुरुंगात असलेले मोतीलाल नेहरू आणि लाला लजपतराय कमालीचे नाराज झाले. शेकडो मैलांवरच्या एका खेड्याच्या अपराधासाठी शिस्तबद्ध बारडोलीने का थांबावे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. निरपराधांना वेठीस धरू नये म्हणणारा नेताच बारडोलीला वेठीस धरत आहे, असे कोणालाही वाटावे. पण गांधीजींनी थांबवले होते ते स्वतःचे शस्त्र. आपल्या बाजूने रक्त सांडले की त्याचा जाब प्रथम आपणच द्यावा. तो दिल्याखेरीज प्रतिपक्षाच्या क्रौर्यावर बोट ठेवता येत नाही, ही त्यांची धारणा होती. सरकारचा न्याय मात्र निराळा निघाला. चौरीचौरा खटल्यात सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी फर्मावली. अपिलात त्यांपैकी १९ जणांची फाशी कायम झाली.

मार्च १९२२ मध्ये गांधीजींना अटक झाली. अहमदाबादच्या खटल्यात न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. बारडोलीचा लढा मात्र संपला नव्हता. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी, निर्णयाला बरोबर सहा वर्षे होत असताना, वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी वाढीव शेतसारा नाकारला. जप्त्या आल्या, जमिनी गेल्या, पण एकाही अधिकाऱ्याचा जीव गेला नाही. पुढे चौकशी समितीने सुमारे २२ टक्क्यांची वाढ जवळपास सहा टक्क्यांवर आणली. त्या समितीतले एक सदस्य हेच ब्रूमफील्ड होते.

१९४६ मध्ये नोआखालीत हिंदूंच्या कत्तली झाल्या आणि त्यांचा सूड बिहारमधील मुसलमानांवर उगवला गेला. नोआखालीच्या घटनांशी बिहारच्या त्या खेडुतांचा काडीइतकाही संबंध नव्हता. सत्त्याहत्तर वर्षांचे गांधीजी आधी नोआखालीत गावोगाव अनवाणी फिरले, मग बिहारमध्ये जाऊन त्यांनी हिंदूंना पश्चात्ताप करायला सांगितले. याच गांधीजींनी १९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरच्या रक्षणासाठी सैन्य धाडण्यास विरोध केला नाही. आक्रमकाला अडवणे आणि त्याच्या धर्मबांधवांवर सूड उगवणे यांतला भेद ते जाणून होते.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांच्या प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला. पकडलेल्या तरुणाचा द्वेष करू नका, असे त्यांनी लोकांना विनवले. दहा दिवसांनी नथुराम गोडसेच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्यानंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत मारेकऱ्याच्या जातीची म्हणून असंख्य ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. गांधीजींच्या नावाने झालेला हा सूड त्यांनी आयुष्यभर नाकारलेल्या न्यायाचाच नमुना होता. त्यांचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी मारेकऱ्याची फाशी रद्द व्हावी अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. दहशतीचा घाव बसल्यावर अपराध्याला शोधून कायद्यापुढे उभे करावे की त्याच्या नात्यागोत्यातील, धर्माच्या, प्रांताच्या सर्वांवर तुटून पडावे, हा पेच आजही प्रत्येक हल्ल्यानंतर उभा राहतो. त्या क्षणी बारडोलीचे स्मरण ठेवणे अवघड असते, आणि ते ठेवण्याची गरजही तेव्हाच सर्वाधिक असते.