विश्लेषण : पीएचडी नसलेल्या प्राध्यापकाने क्वांटम विज्ञानाची मोजणी कशी बदलली? कोण होते सत्येंद्रनाथ बोस?

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. भारतानेही राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपयांची तरतूद केली आहे. या क्षेत्रात बोसॉन हा शब्द सतत कानावर पडतो. तो ज्यांच्या आडनावावरून आला, त्या सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्यात शिकवत असताना चार-पाच पानांचा एक लेख लिहिला होता. त्या लेखात नेमके काय होते आणि पुढे बोस यांचे काय झाले, याचा आढावा.

कोण होते सत्येंद्रनाथ बोस?

बोस यांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कोलकात्यात झाला. वडील सुरेंद्रनाथ रेल्वेत नोकरीला होते. सात भावंडांत सत्येंद्रनाथ थोरले आणि एकुलते एक मुलगे. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले, तर मेघनाद साहा हे वर्गमित्र होते. १९१५ मध्ये एमएस्सीच्या परीक्षेत बोस पहिले आणि साहा दुसरे आले.

पुढे दोघेही कोलकाता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात शिकवू लागले. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील पुस्तके आणि नियतकालिके मिळणे अवघड झाले होते. जर्मन शिकून मूळ लेख वाचण्याचा मार्ग दोघांनी धरला. सापेक्षतावादावरील आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या लेखांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२० मध्ये कोलकाता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. १९२१ मध्ये ढाका विद्यापीठ सुरू झाले आणि बोस तेथे भौतिकशास्त्राचे रीडर म्हणून रुजू झाले.

कोणता प्रश्न त्यांना सतावत होता?

तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती प्रमाणात बाहेर पडतो, याचे सूत्र मॅक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडले होते. प्रयोगाशी ते तंतोतंत जुळत होते. अडचण होती ती सूत्राच्या सिद्धतेत. तिचा अर्धा भाग प्रकाशाला लहर मानणाऱ्या जुन्या सिद्धांतावर उभा होता, तर उरलेला अर्धा ऊर्जेच्या पुंजांवर, म्हणजे क्वांटावर. एकाच गणितात दोन परस्परविरोधी गृहीतके वापरली जात होती. खुद्द प्लांक आणि आइन्स्टाइन यांनाही त्यातून निर्दोष वाट सापडली नव्हती. विद्यार्थ्यांना हा विषय नीट समजावून सांगण्याची जबाबदारी बोस यांच्यावर होती. त्यामुळे ही विसंगती त्यांना अधिकच खटकत होती.

बोस यांनी वेगळे काय केले?

त्यांनी लहरींचा आधार सोडून दिला. प्रकाश म्हणजे कणांचा वायू, असे मानून ते कण किती प्रकारे वाटले जाऊ शकतात हे मोजले. ही मोजणी नेहमीपेक्षा वेगळी होती.

समजा, दोन चेंडू दोन खोक्यांत ठेवायचे आहेत. एक चेंडू लाल आणि एक निळा असेल, तर चार शक्यता होतात. दोन्ही पहिल्या खोक्यात, दोन्ही दुसऱ्यात, लाल पहिल्यात व निळा दुसऱ्यात किंवा त्याच्या उलट. आता दोन्ही चेंडूंत कसलाच फरक करता येत नसेल, तर शेवटच्या दोन शक्यता एकच ठरतात. चाराच्या तीन झाल्या. या तिन्ही समान मानल्या, तर दोन्ही चेंडू एकाच खोक्यात सापडण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून ६७ टक्क्यांच्या आसपास जाते.

म्हणजे ज्या कणांना स्वतंत्र ओळखच नसते, ते नेहमीच्या हिशेबापेक्षा अधिक वेळा एकत्र सापडतात. या मोजणीतून प्लांक यांचे सूत्र सरळ बाहेर पडले. आपण काही मूलभूत वेगळे करत आहोत याची तेव्हा जाणीव नव्हती, असे बोस यांनी उतारवयात मान्य केले होते.

आइन्स्टाइन यांना पत्र का लिहावे लागले?

बोस यांनी लेख ब्रिटनमधील फिलॉसॉफिकल मॅगझिनकडे पाठवला होता, पण तो तेथे छापून आला नाही. मग ४ जून १९२४ रोजी त्यांनी तो थेट आइन्स्टाइन यांना धाडला. योग्य वाटल्यास जर्मनमध्ये छापण्याची व्यवस्था करावी, अशी विनंती सोबतच्या पत्रात होती. तीस वर्षांचा, कोणत्याही मोठ्या संशोधन केंद्राशी संबंध नसलेला शिक्षक जगातील सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञाला ही गळ घालत होता.

आइन्स्टाइन यांनी लेख स्वतः भाषांतरित केला आणि हे पाऊल महत्त्वाचे असल्याची टीप जोडून त्याच वर्षी जर्मनीतील नियतकालिकात छापून आणला. बोस यांचा दुसरा लेखही त्यांनी छापवला, मात्र त्याखाली आपली असहमती नोंदवली. पहिल्या लेखातील मोजणी आइन्स्टाइन यांनी पुढे अणूंना लागू केली. तापमान पुरेसे खाली नेले, तर मोठ्या संख्येने अणू सर्वांत कमी ऊर्जेच्या एकाच अवस्थेत गोळा होतील, असा निष्कर्ष निघाला. यालाच बोस-आइन्स्टाइन संघनन म्हणतात.

पुढे बोस यांचे काय झाले?

आइन्स्टाइन यांच्या पोस्टकार्डाचा उपयोग होऊन बोस यांना दोन वर्षांची परदेशी अभ्यासरजा मिळाली. पॅरिसमध्ये मॉरिस दी ब्रॉग्ली यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी क्ष-किरणांचे तंत्र शिकून घेतले. १९२५ मध्ये बर्लिनला त्यांची आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. परतल्यावर ढाक्यात प्राध्यापकपदासाठी डॉक्टरेट नसणे आडवे येत होते. आइन्स्टाइन यांची शिफारस कामी आली आणि १९२७ मध्ये ते प्राध्यापक झाले.

त्यानंतर मात्र त्या तोडीचे संशोधन त्यांच्या हातून झाले नाही. त्यांचे शोधनिबंधही मोजकेच आहेत. ढाक्यात त्यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. १९४५ मध्ये ते कोलकाता विद्यापीठात परतले. विज्ञान मातृभाषेतून शिकवता येते, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि बंगालीतून विज्ञान मासिक सुरू केले. महाराष्ट्रात याच हेतूने मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये सुरू झाली.

नोबेल का मिळाले नाही?

१९५६, १९५९ आणि १९६२ मध्ये बोस यांचे नाव नोबेलसाठी सुचवले गेले होते. समितीसाठी मूल्यमापन करणारे ऑस्कर क्लाइन यांना ते काम पारितोषिकाच्या तोडीचे वाटले नाही. १९५४ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व असे सन्मान त्यांना मिळाले. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत वायूरूप अणूंचे संघनन कोणत्याही प्रयोगशाळेत साधले नव्हते.

आज या कामाचे महत्त्व काय?

बोस यांच्या पत्राला ७१ वर्षे पूर्ण झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ जून १९९५ रोजी अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांच्या गटाने रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू परमशून्याच्या अगदी जवळ नेऊन हे संघनन प्रत्यक्षात आणले. सोडियमवर तेच साधणारे वोल्फगांग केटर्ले आणि हे दोघे २००१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही असे संघनन तयार करण्यात आले.

अतिथंड अणू आज गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक मोजणाऱ्या सेन्सरसाठी वापरले जातात. लेझरमधील प्रकाशकणही बोस यांच्याच नियमाने एकत्र येतात. राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये क्वांटम सेन्सिंगचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे, तर पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू आहे.

या मिशनचा बराचसा खर्च उपकरणांवर आणि प्रयोगशाळांवर होणार, हे उघड आहे. बोस यांच्या लेखामागे मात्र एकही उपकरण नव्हते. होती ती आपल्याला न पटलेली सिद्धता विद्यार्थ्यांपुढे तशीच मांडायला तयार नसलेल्या शिक्षकाची अस्वस्थता. त्यामुळे उपकरणांइतकेच वर्गात काय आणि कसे शिकवले जाते, याकडेही या मिशनला लक्ष द्यावे लागेल.